उजवं पुढचं चाक

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, गाऱ्हाणं सांगतेय. वितान गेली सत्तावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो, त्यातली तेवीस आमच्या घराला लागून असलेल्या गॅरेजात, आणि या तेवीस वर्षांत त्यानं गिऱ्हाइकं जोडली त्यापेक्षा तोडली जास्त. पाद्रीबुवांनी हौसेनं गाडी घेतली, स्वतःच तिच्यावर प्रार्थना म्हणून पाणी शिंपडलं आणि चर्चच्या दारात वितानला विचारलं, कशी वाटते? हा म्हणाला, खालून गंजलीय, दोन हिवाळे काढेल. सगळं गाव उभं होतं. माझ्या सख्ख्या भावाला म्हणाला, गाडीत काही दोष नाही, तुला चालवता येत नाही. भावानं दोन वर्षं आमचा उंबरा ओलांडला नाही.

मी म्हणायची, अरे, माणसानं थोडं गोड बोलावं. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, गोड बोलून ब्रेक लागत नाहीत, देसा.

देसा म्हणजे मी, देस्पिना. गॅरेजचा फोन माझ्याकडे, सुटे भाग मागवणं माझ्याकडे, आणि हा गाडीखाली आडवा झाला की पाने हातात देणंही माझ्याकडेच. तेवीस वर्षं पाने दिले की माणसाला गाडीतलं कळायला लागतं. ते कळत नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या नोव्हेंबरपासून वाटतंय.

आमच्या गावातून एक रस्ता वर कामेनाला जातो. अकरा किलोमीटर नुसती वळणं. वर चौदा म्हातारी माणसं राहतात, त्यांची मुलं कुणी सोफियात, कुणी स्पेनमध्ये संत्री तोडायला. या चौदा जणांना बघायला मंगळवारी आणि शुक्रवारी एकच माणूस जातं, आमच्या दवाखान्यातली नर्स झोर्नित्सा. चौतिशीची, तोंडाचा पट्टा सतत चालू, स्वतःची जुनी पांढरी गाडी घेऊन जाते. पिशवीत गोळ्या, इंजेक्शनं आणि या घरच्या मिरच्यांच्या बरण्या त्या घरी पोचवायच्या. ती गेली नाही तर वर कुणीच जात नाही.

सप्टेंबरात, सगळं गाव अंगणात मिरच्या भाजत बसलेलं असताना, ती गाडी घेऊन आली. म्हणाली, वितानकाका, उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. विताननं पुढची चाकं काढली. ब्रेकच्या दोन्ही डिस्क जुन्या, झिजलेल्या, वाकलेल्या. त्यात नवल काही नव्हतं. त्यानं दोन्ही बदलल्या, पॅड बदलले, एक चक्कर मारून आला. तिनं मला मधाची बरणी दिली आणि आम्ही विषय विसरलो.

महिन्याभरानं ती परत दारात. स्टिअरिंग थरथरतंय म्हणे, तसंच.

मी वितानचं तोंड बघितलं. त्यानं केलेलं काम परत आलं असं माझ्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. त्यानं चाक काढलं, सुईचं मापाचं घड्याळ डिस्कला टेकवलं आणि डिस्क हातानं सावकाश फिरवली. डावीकडे सुई जागची हलली नाही. उजवीकडे ती अशी डुलायला लागली की मी दोनदा डोळे पुसून बघितलं. फरक केसाएवढाच असतो, पण उतारावर तो केस स्टिअरिंगला लाथा मारतो. महिन्याभरापूर्वी माझ्या हातानं खोक्यातून काढलेली कोरी डिस्क, आणि तिची ही दशा.

त्यानं मग डिस्क जिथं बसते तो हब घासून घासून आरशासारखा केला, कारण तिथं गंजाचा कण राहिला तरी डिस्क तिरकी बसते. नट मापाच्या पान्यानं एकाआड एक, अगदी सारखे आवळले, कारण वेडेवाकडे आवळले तरी डिस्क वाकते. नव्या डिस्क घातल्या. झोर्नित्साला बजावलं, उतारावर गियर खाली घे, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. ती म्हणाली, काका, मी या रस्त्यावरच गाडी शिकलेय. ते खरंच होतं. तिच्याइतकी नीट त्या रस्त्यावरून कुणीच उतरत नाही.

या वेळी डिस्क तीन आठवडे टिकली. परत उजवीच.

वितान जेवेना. ताटातली बीन्सची भाजी गार व्हायची आणि हा समोर बघत बसायचा. त्यानं डिस्क परत बदललीच, शिवाय ब्रेक पकडणारा कॅलिपर बदलला, हब बदलला, बेअरिंग बदललं. उजव्या बाजूला आता जुनं काही उरलंच नव्हतं. संत दिमितरच्या सणाला सगळं गाव चौकात जमलेलं, तिथं कुणीतरी टोमणा मारला, काय वितान, म्हातारा झालास का? माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण हा बाबा शांतपणे म्हणतो, मला कळत नाहीये काय होतंय. भर चौकात! मी त्याचा कोट ओढला तरी परत तेच, मला खरंच कळत नाहीये. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

यानंतर बारा दिवसांनी झोर्नित्सा आली. गाडीतून उतरली ती सरळ उजव्या चाकापाशी गेली. म्हणाली, शुक्रवारी उतरताना गाडी ओढली गेली, काका. कठड्याला घासून थांबले.

आम्ही तिघं त्या चाकाभोवती उभे राहिलो. एक महिना, तीन आठवडे, बारा दिवस. आम्ही जितकं नीट करत होतो तितकं ते लवकर बिघडत होतं. वर कामेनात बर्फ कधीही पडणार होता आणि वाटेत, मधल्या वळणांच्या खाली, रस्त्याच्या कडेला एक लोखंडी क्रूस आहे. तिथून अर्ध्या वाटेवर राहणाऱ्या कालिना आजीचा मुलगा राद्को लाकडांनी भरलेल्या ट्रकसकट खाली गेला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी. कागदावर लिहिलं गेलं की वेगात होता. राद्कोचा ट्रक सहकारी वाहनतळाचा, आणि वितान तेव्हा तिथल्याच वर्कशॉपात नुकता लागलेला. त्या क्रुसापाशी तो दर वेळी टोपी काढतो. मी समजायची, सगळेच काढतात.

वितान तिला म्हणाला, "मी तुला जा म्हणू शकत नाही."

"आणि स्तामात आजोबांना इंजेक्शन कोण देणार? तुम्ही?"

त्यानं वाकून डावी डिस्क हातानं फिरवून बघितली. मग म्हणाला, दोन्ही चाकं एकच रस्ता उतरतात, एकाच पायानं दाबली जातात. डावं चांगलं आहे. म्हणजे दोष गाडीत नाहीये, उजव्या बाजूला बाहेरून काहीतरी होतंय. उद्या मंगळवार, मी बरोबर येतो. त्यानं दुसरी नवी डिस्क बसवली, आणखी एक डिस्क, जॅक आणि पान्यांची पेटी डिकीत टाकली. मीही मागच्या सीटवर बसले. म्हटलं, मरायचंच असेल तर सोबत मरू, मागं राहून या माणसाची कीर्ती ऐकत बसणं मला जमणार नाही.

वर जाताना काही झालं नाही. झोर्नित्सानं चौदाही जणांना बघितलं. वितान प्रत्येक घरापुढे खाली उतरून उजव्या चाकापाशी उकिडवा बसे. म्हाताऱ्यांना वाटलं हा काही हरवलेलं शोधतोय. दुपारी आम्ही उतरायला लागलो. गियर खाली, पाय अगदी बेतानं, तरी इतका उतार म्हटल्यावर डिस्क तापणारच. तापलेल्या ब्रेकचा तो जळका वास मला मागं बसून येत होता.

अर्ध्या वाटेवर वळणाला टेकून कालिना आजीचं घर आहे. एकटंच. झोर्नित्सा उतरताना तिथं पाच मिनिटं थांबते, रक्तदाब बघते, गोळ्या देते. गाडी नेहमी तिथंच उभी करते, फाटकाला लागून. फाटक उजव्या हाताला. त्या दिवशीही थांबली, इंजिन चालूच ठेवलं, आत गेली. मी आणि वितान गाडीतच बसलो. मी तर विसरूनच गेले होते आम्ही कशासाठी आलोय, समोरची पिवळी पडलेली बीचची झाडं बघत होते.

झोर्नित्सा येऊन बसली, रेडिओ लावला. मागोमाग आजी फाटकापर्यंत आली. एकोणऐंशी वर्षांची, काळा रुमाल, दोन्ही हातांत बादली. बादलीच्या कडेला जिरेनियमची एक डहाळी. आता आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की पाणी सांडतात, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. शाळेच्या पहिल्या दिवशी सांडतात, सैन्यात जाताना सांडतात. माझ्या आईनंही माझ्या लग्नाला सांडलं होतं. त्याचं काय एवढं? झोर्नित्सानं दोन महिन्यांत आम्हाला सगळं सांगितलं, कुठं खड्डा, कुठं मेंढ्या, कुठं कोण काय म्हणालं. हे सांगितलं नाही, कारण ही सांगायची गोष्टच नाही.

आजी वाकली आणि अख्खी बादली उजव्या पुढच्या चाकावर ओतली.

चर्रर्र झालं. तव्यावर पाणी पडल्यासारखं. चाकाच्या आतून पांढरी वाफ उठली. वितान दार उघडून इतक्या झटक्यात बाहेर पडला की त्याची टोपी गाडीतच राहिली. झरा तिच्या अंगणातच आहे, डोंगराच्या पोटातलं पाणी, नोव्हेंबरात त्यात बोट धरवत नाही. आणि हे पाणी गेले दोन महिने आठवड्यातून दोनदा तापून लाल व्हायच्या बेतात असलेल्या लोखंडावर पडत होतं.

विताननं इंजिन बंद करायला लावलं, जॅक लावला, चाक काढलं. मी पाना द्यायला वाकले आणि पाना माझ्या हातातच राहिला. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत डिस्कला तडा गेला होता. काल दुपारी बसवलेली डिस्क. त्या भेगेत नख जात होतं. खाली अजून सहा किलोमीटर उतार होता आणि ही पोरगी रेडिओ लावून निघाली होती. झोर्नित्सा रस्त्यावरच मटकन बसली. तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि तिच्या तोंडून शब्द न फुटणं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आजी आमच्याकडे बघत होती. काय झालं ते तिला कळलं नव्हतं. ती उलट अभिमानानं सांगायला लागली. सप्टेंबरात या लेकरानं सांगितलं, गाडीचं पुढचं चाक त्रास देतंय. म्हणून मी रस्त्यावर सांडायचं सोडून गडूभर पाणी चाकावर ओतायला लागले, जवळचं हेच चाक. मग ऑक्टोबरात म्हणाली, वितानकाकांनी मापून बघितलं, उजवंच बिघडलंय. म्हटलं, म्हणजे मी बरोबर ठिकाणी ओततेय, पाणी कमी पडतंय. मग कळशी घेतली. तरी बरं वाटेना म्हणाली, तेव्हा बादली काढली.

मला हसू येतंय की रडू तेच कळेना. एक महिना, तीन आठवडे, बारा दिवस. गडू, कळशी, बादली. आम्ही खाली डिस्क बदलत होतो आणि ही वर पाणी वाढवत होती, आणि दोघांनाही त्या पोरीचा जीव वाचवायचा होता.

वितान उभा राहिला. आता हा काय बोलणार ते मला माहीत होतं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, अरे, निदान आज तरी जरा हळू. पण तो सरळच बोलला. नेहमीपेक्षा मऊ, पण सरळ. म्हणाला, आजी, ब्रेक तापलेला असतो. गार पाणी पडलं की लोखंड वाकतं, मग तडकतं. हे बघा. पाणी सांडा, पण गाडीपुढं रस्त्यावर सांडा. चाकावर नको.

आजीनं ती डिस्क बघितली. भेगेवरून बोट फिरवलं. बादली तिच्या हातातून सुटली आणि घरंगळत गटारापर्यंत गेली. मला वाटलं, झोर्नित्साचं काय झालं असतं या विचारानं ती घाबरली. मी तिला धरायला पुढं झाले. तिनं माझा हात बाजूला केला.

"राद्कोच्या चाकावर पण मी ओतलं होतं," ती म्हणाली.

झोर्नित्सा रस्त्यावरून उठून उभी राहिली.

"तो म्हणाला होता, आई, पुढचं चाक नीट धरत नाहीये. वरून लाकडं भरून उतरला होता. बसलासुद्धा नाही, उभ्या उभ्या पाव खाल्ला. मी कळशीभर ओतलं. अशीच वाफ आली होती. मी म्हटलं, बरं झालं, चाक थंड झालं." तिनं वितानच्या बाहीला धरलं. "तू सांग. तू कुणाला खोटं सांगत नाहीस, सगळं गाव म्हणतं. ते मी केलं का?"

झोर्नित्सानं तोंडावर हात दाबला. मी वितानकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले, कारण तेवीस वर्षं मी या माणसाबरोबर राहतेय आणि मला ठाऊक होतं की तो आता खरं सांगणार.

"नाही आजी," वितान म्हणाला. "ट्रकला असल्या उघड्या डिस्क नसायच्या, ड्रम असायचे. झाकण लावलेल्या पातेल्यासारखे बंद. बाहेरून कितीही पाणी ओता, ब्रेकला लागत नाही. तुमच्या पाण्यानं काही झालं नाही."

"नक्की?"

"नक्की."

आजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं नजर हलवली नाही. मग तिनं त्याची बाही सोडली, रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, आणि तिच्या छातीतून जो श्वास बाहेर पडला तो मला अजून ऐकू येतो. म्हणाली, तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल. आणि आत जाऊन आमच्यासाठी पातात्निक, म्हणजे बटाट्याचं जाड थालीपीठ, गरम करायला लागली.

विताननं डिकीतली दुसरी डिस्क काढली, हब पुसला, नट एकाआड एक आवळले. त्याचे हात नेहमीसारखेच चालत होते. मी पाने देत होते, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ड्रम बंद असतो हे खरं. पण ड्रम स्वतःच लोखंडाचा असतो, तोच तापतो, आणि चाकाच्या भोकांतून पाणी सरळ त्याच्या पाठीवर पडतं. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं म्हणजे त्याला माहीत होतंच. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या नव्या कोटालाही चांगला म्हणाला नाही, आणि त्या म्हातारीच्या डोळ्यांत बघून सरळ बोलून गेला.

निघताना आजी गडूभर पाणी घेऊन आली. बादली नाही. गाडीच्या चार पावलं पुढं जाऊन रस्त्यावर सांडलं, बाजूला झाली, आणि ओल्या रस्त्यावरून आम्ही निघालो. स्टिअरिंग गप्प होतं.

क्रुसापाशी वितान म्हणाला, थांब. तो उतरला, टोपी काढली. मीही उतरले. झोर्नित्सा गाडीत बसून राहिली, ती शहाणी आहे. मी विचारलं, ड्रम तडकत नाही ना रे?

"तडकतो," तो म्हणाला. "राद्कोचा मी हातात धरला होता. खालून ट्रक वर काढला तेव्हा. पुढचा उजवा, आरपार तडकलेला. मी साहेबांना दाखवला. ते म्हणाले, जुनं लोखंड, ठेव बाजूला, कागदावर वेग लिहू. माझी नोकरी चार महिन्यांची होती. मी सही केली."

मी क्रुसाच्या लोखंडाला हात टेकवला.

"तो का तडकला ते मला आज कळलं," तो म्हणाला.

एवढंच. टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसला. मी तिथंच उभी. ज्या खरं बोलण्याच्या नावानं मी तेवीस वर्षं कपाळ बडवलं, ते कुठून आलं होतं ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि आज त्या म्हातारीनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, तो त्याच तेवीस वर्षांमुळे. झोर्नित्सानं हॉर्न वाजवला तेव्हा मी भानावर आले.

त्यानंतर उजवी डिस्क वाकली नाही. तो सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळाही झोर्नित्सा त्याच डिस्कवर कामेनाला गेली. चौकात लोकांनी विचारलं, काय निघालं शेवटी? वितान म्हणाला, पाणी लागत होतं. कुठलं, कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच.

त्या मंगळवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी झोर्नित्सा वरून आली तेव्हा तिच्या हातात स्वच्छ फडक्यात बांधलेला पाव होता. अजून कोमट. कालिना आजीनं पाठवलाय, म्हणाली, कधी खोटं न बोलणाऱ्या माणसासाठी. मी तो टेबलावर ठेवला. वितान हात धुऊन आला, पावाकडे बघितलं, आणि परत गॅरेजात गेला. रात्रीच्या जेवणालाही त्यानं त्याला हात लावला नाही, सकाळीही नाही.

शेवटी मीच खाल्ला, तीन दिवस, एकटीनं. टाकून कसा देणार.